चौदा स्क्रूंचा केरबा

एका गावात एक भोळा माणूस होता आणि बाकीचे सगळे हुशार होते. गावाचं जे काही वाटोळं व्हायचं, ते हुशार लोकांनी रीतसर बैठक घेऊन केलेलं असायचं. बोट मात्र भोळ्याकडे दाखवलं जायचं. गावाचं नाव चिंचसोंड. भोळ्याचं नाव केरबा ढोबळे.

केरबा पस्तिशीचा, अंगानं आडदांड. सांगितलेलं काम तो तंतोतंत करायचा. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही. असला माणूस हुशारांना फार छळतो, कारण हुशार माणसं बोलतात एक आणि त्यांना हवं असतं दुसरंच.

चिंचसोंडला धनुर्विद्येचं मैदान होतं. मैदान लहान, पण त्याची समिती मोठी. आबासाहेब जगदाळे अध्यक्ष आणि त्यांच्याखाली सहा सभासद. सातांपैकी एकानंही कधी धनुष्य हातात धरलेलं नव्हतं, त्यामुळे समितीत मतभेद असे कधी झाले नाहीत. शिकवायला घाडगे सर होते. आणि शिकणाऱ्यांत सगळ्यात पुढं होती मुक्ता, केरबाच्या थोरल्या बहिणीची मुलगी.

मुक्ताला विसावं संपत आलं होतं. तिच्या वयोगटातली राज्याची ही शेवटची निवड. निवड झाली तर राज्याच्या संघात जागा आणि पुढची सगळी वाट मोकळी. नाही झाली तर वडिलांच्या पिठाच्या गिरणीवर बसायचं, हे घरात ठरून गेलेलं होतं. गिरणी वाईट नव्हती. पण मुक्ताला बाण मारायचे होते, आणि केरबाला मुक्ता जे म्हणेल ते व्हायला हवं होतं. त्या पोरीवर त्याचा जीव होता.

मुक्ताचं धनुष्य चाकांचं. दोन टोकांना दोन चाकं, मध्ये दोरी. त्याला नेम धरायची साइट, तोल सांभाळणारा पुढचा लांब दांडा, बाण टेकवायची रेस्ट, असला सगळा बारदाना. आणि हा सगळा बारदाना चौदा बारक्या स्क्रूंवर उभा. बाण सुटला की धनुष्याला हादरा बसतो आणि दर हादऱ्याला स्क्रू केसभर ढिला होतो. एक दिवस साइटनं अशीच मान टाकली. मुक्तानं नेम धरला पिवळ्या ठिपक्यावर आणि बाण भिंतीपलीकडे बायडाबाईंच्या वाळत घातलेल्या पापडांत घुसला.

मग चौदा स्क्रूंवर नजर ठेवायला माणूस शोधायचं ठरलं. समितीनं त्यावर तीन बैठका घेतल्या आणि चौथ्या बैठकीची तारीख ठरवली.

"कशाला बैठका?" मुक्ता म्हणाली. "माझा मामा हाय की."

घाडगे सरांनी केरबाच्या हातात एलन की ठेवली. कोनात वाकवलेली, बोटाएवढी पोलादी काडी. म्हणाले, "केरबा, काम सोपं आहे. जे जे हलतंय, ते ते आवळायचं."

"जे हलतंय ते आवळायचं," केरबा म्हणाला. त्याला पाठ करायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी केरबानं मुक्ताचं धनुष्य घेतलं. चौदा स्क्रू आवळले. मग त्याला दिसलं की रेस्ट हलते. बाण सुटताना ती खाली पडावी म्हणूनच ती हलती केलेली असते, पण हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आवळली. धनुष्याच्या दोन्ही पात्यांना ताण कमीजास्त करायचे दोन जाड बोल्ट होते. ते सहसा हलत नाहीत. केरबानं जोर लावल्यावर हलले. हलले म्हणजे आवळायला हवेत. शेवटपर्यंत आवळले. मग तो उठला आणि त्यानं आजूबाजूला पाहिलं, तर हलणाऱ्या गोष्टींची मैदानात काही कमी नव्हती. फाटक हलत होतं, आवळलं. नळाची चावी हलत होती, आवळली. चिंचेखाली घाडगे सरांची स्कूटर उभी होती. तिचं हँडल हलत होतं.

मुक्तानं धनुष्य ओढलं, ते ओढलं जाईना. दोन्ही पाय रोवून ओढलं, तरी वीतभरही येईना. तोंड लालबुंद झालं. नळाला पाणी येईना. फाटक उघडेना. तोवर सर चहाला म्हणून स्कूटरवर बाजूच्या बोळानं निघालेले. पुढं वळण डावीकडं होतं. सर सरळ गेले.

उकिरड्यातून बाहेर येऊन सरांनी आधी चष्मा पुसला. मग कपाळावर हात मारला.

"केरबा, हे काय केलंस?"

"जे हलत हुतं ते आवळलं, सर."

"अरे, काही गोष्टी हलाव्यात म्हणूनच केलेल्या असतात! असं आंधळ्यासारखं आवळत नाहीत. ऐक. वस्तू नेमकी जागेवर बसली की तिच्यावर रंगानं रेघ मारायची. अर्धी रेघ स्क्रूवर, अर्धी धनुष्यावर. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, जागेवरून हललं. मग गपचूप परत फिरवायचं आणि रेघेला रेघ जुळवायची. कळलं?"

"रेघ तुटली की रेघेला रेघ जुळवायची," केरबा म्हणाला.

पुढच्याच आठवड्यात मैदानाच्या नव्या फलकाचं अनावरण होतं. मैदान जुनंच, फलक नवा. प्रमुख पाहुणे म्हणून आबासाहेबांनी आबासाहेबांनाच बोलावलं होतं. मांडव पडला, खुर्च्या आल्या. मधली मोठी खुर्ची उंचसखल जमिनीवर डुगडुगत होती. समितीचे चिटणीस केरबाला म्हणाले, "आबासाहेब इथं बसणार. कसंही कर, पण ते जागेवरनं हलता कामा नयेत."

आबासाहेब आले, बसले. परिचय करून देणारा माणूस त्यांच्या पणजोबांपासून सुरू झाला. ते आजोबांपर्यंत पोचेतो आबासाहेबांना डुलकी लागली. केरबा रंगाचा डबा घेऊन मागून गेला. रंग पांढरा, आबासाहेबांचे कपडेही पांढरे. पांढऱ्यावर पांढरी रेघ दिसायची कशी? केरबानं डोकं चालवलं. जाऊन काळा रंग आणला. अर्धी रेघ खुर्चीच्या पाठीवर मारली, अर्धी आबासाहेबांच्या खांद्यावर. चांगली बोटभर जाड मारली.

"आता आबासाहेबांनी मार्गदर्शन करावं अशी मी त्यांना विनंती करतो."

आबासाहेब उठले. रेघ तुटली.

केरबा धावला. दोन्ही खांदे धरले आणि आबासाहेबांना खाली बसवलं. थोडं डावीकडं सरकवलं, रेघेला रेघ जुळवली. जुळल्यावर मागं होऊन एक डोळा मिटून खात्री करून घेतली. आबासाहेब पुन्हा उठले. केरबानं पुन्हा बसवलं. तिसऱ्यांदा आबासाहेब ओरडत उठले, "अरे, कोण आहे हा?" तेव्हा केरबानं त्यांना बसवलं ते बसवलंच. वरून हात काढला नाही.

त्या दिवशी आबासाहेबांचं भाषण झालं नाही. चिंचसोंडच्या इतिहासात प्रथमच कार्यक्रम वेळेत संपला. लोकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या आणि जेवायला बसले.

घाडगे सरांनी कपाळावर हात मारला.

"केरबा, हे काय केलंस?"

"रेघ तुटली, सर. त्ये सारखं जागा सोडत हुतं."

"अरे, माणूस आहे तो! असं धरून बसवतात का? कुणालाही हात लावण्याआधी विचारायचं असतं. 'लावू का हात? आवळू का?' असं अदबीनं विचारायचं. हो म्हटलं तरच हात लावायचा. नाही तर हात मागं घ्यायचा. कळलं?"

"हो म्हनलं तरच हात लावायचा," केरबा म्हणाला.

मग जिल्ह्याची स्पर्धा आली. जिल्ह्यातून चार जण राज्य निवडीला जाणार होते. मुक्ता पहाटेची उठली, देवाला नमस्कार केला, मामाला धनुष्य दिलं आणि हातपाय मोकळे करायला गेली. "मामा, चौदा बी स्क्रू बघून ठेव," एवढंच म्हणाली.

केरबा धनुष्य मांडीवर घेऊन बसला. पहिल्या स्क्रूकडे वाकला. "आवळू का?" अदबीनं विचारलं. स्क्रू काही बोलला नाही. केरबानं थोडी वाट पाहिली. नसेल इच्छा. हात मागं घेतला. दुसऱ्याला विचारलं. त्यालाही वेळ दिला. असे चौदाच्या चौदा झाले. साइटचा स्क्रू तर बोटानं डुगडुगत होता, म्हणून त्याला केरबानं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा "बाबा" म्हणून विचारलं. शेजारी दुसऱ्या गावचे धनुर्धर उभे होते. त्यांना वाटलं, हा काहीतरी मंत्र असावा. एकानं वहीत लिहूनही घेतला.

मुक्ताचे दोन बाण छान गेले. तिसऱ्या बाणाला साइट सुटून तिच्या पायाशी गवतात पडली आणि बाण मातीत गेला. शून्य गुण. पोरगी हिमतीची. तिनं केसांचं रबर काढलं, साइट धनुष्याला करकचून बांधली आणि मोकळ्या केसांनी उरलेले सगळे बाण मारले. पहिल्या चौघांत चौथी आली. एका गुणानं आली, पण आली.

घाडगे सरांनी कपाळावर हात मारला. आता तिथं लाल खूण पडायला लागली होती.

"केरबा, स्क्रू का नाही आवळलेस?"

"इचारलं की सर! चौदा जनांस्नी इचारलं. एक बी हो म्हनला न्हाई."

"मामा," मुक्ता म्हणाली, "स्क्रू बोलतो व्हय कधी?"

केरबा विचारात पडला. त्याला ते पटलं. पण आधी कुणी सांगितलं नव्हतं.

सर म्हणाले, "हे बघ. ज्याला तोंड नाही त्याला विचारायचं नाही. तोंड नसलेली वस्तू खडखडायला लागली की हे स्क्रू चिकटवायचं निळं औषध घ्यायचं. एक थेंब आट्यांवर टाकायचा, घट्ट बसवायचं आणि चोवीस तास वाळू द्यायचं. चोवीस तास हात लावायचा नाही. कुणालाही लावू द्यायचा नाही. मी म्हटलं तरी नाही. कळलं?"

"चोवीस तास कुनाचा बी हात लागू द्यायचा न्हाई," केरबा म्हणाला. बाटली त्यानं सदऱ्याच्या खिशात जपून ठेवली.

चार दिवसांनी समितीची बैठक होती. घाडगे सर दुसऱ्या तालुक्यात शिबिराला गेले होते. समितीची खोली मैदानाच्या टोकाला. जाड दार, गज लावलेली एक खिडकी. सात जण आत गेले, दार लोटून घेतलं. विषय होता मुक्ताला एक जादा साइट द्यावी की न द्यावी. हा विषय चौदा महिने चालू होता. साइट आणून कपाटात ठेवलेली होती, फक्त कपाट उघडायला ठराव लागत होता.

बाहेर वारा सुटला. दाराची बाहेरची कडी खडखडायला लागली.

केरबा मैदान झाडत होता. त्यानं कान दिला. कडी खडखडतेय. कडीला तोंड नाही. त्यानं खराटा बाजूला ठेवला, कडी कोयंड्यात घातली, कोयंड्याच्या स्क्रूंवर निळ्या औषधाचे थेंब सोडले, दमदार पिळून बसवले आणि दाराशी पायरीवर बसला. घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते.

बाराला आतून धक्का आला.

"दार उघड रे!"

"वाळतंय," केरबा म्हणाला.

"काय वाळतंय?"

"कडी. उद्या अकराला उघडतो, साहेब."

आत गलका झाला. आबासाहेबांनी हुकूम सोडला, मग धमकी दिली, मग विनंती केली. आबासाहेबांना विनंती करताना चिंचसोंडमध्ये कुणी ऐकलं नव्हतं. केरबाचं मन विरघळलं, पण सर म्हटले तरी हात लावू द्यायचा नाही असं सरांनीच सांगितलं होतं. त्यानं गजांतून पाणी दिलं, भाकरी दिल्या, चहा दिला. दाराला हात लावू दिला नाही. आतल्यांनी गावभर फोन केले. समितीच्या माणसाचा फोन म्हणजे काहीतरी काम सांगणार, म्हणून कुणी उचलला नाही. घरच्यांनी जेवणं झाकून ठेवली. समितीची बैठक लांबते हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला केरबानं कडी काढली. सात जण बाहेर आले. कुणाचा सदरा चुरगळलेला, कुणाची टोपी उलटी. पण एक मान्य करायला हवं. रात्र मध्ये असल्यामुळे आणि दुसरं काहीच करण्यासारखं नसल्यामुळे समितीनं चौदा महिन्यांचा ठराव मंजूर केला होता. मुक्ताला जादा साइट मिळाली. दार फोडावं की न फोडावं यासाठी मात्र उपसमिती नेमली होती आणि तिचा अहवाल यायचा होता.

सर शिबिरातून धावत आले. कपाळावर हात मारला.

"केरबा, आत माणसं होती!"

"कडीला तोंड नव्हतं, सर."

"अरे, आत अडकलेल्यांना होतं ना! ओरडत होती ना ती! आता शेवटचं सांगतो, नीट ऐक. कुणीही, काहीही अडकलेलं दिसलं की आधी मोकळं करायचं. विचारायचं नाही, वाट बघायची नाही, कुणासाठी थांबायचं नाही. पळत जायचं आणि ओढून बाहेर काढायचं. कळलं?"

"अडकलेलं दिसलं की पळत जाऊन वढून काढायचं," केरबा म्हणाला. हा धडा त्याला सगळ्यांत आवडला. यात कुणाचं वाईट होण्यासारखं काही नव्हतं.

आणि मग राज्याची निवड आली. आबासाहेबांनी खटपट करून ती चिंचसोंडलाच आणली होती. खटपटीचं कारण असं की त्यांची भाची शाल्मली त्याच वयोगटात होती. पोरगी साधी होती, बाणही बरे मारायची. मामाच्या खटपटी तिला ठाऊक नव्हत्या. राज्य संघटनेकडून परब नावाच्या निरीक्षक बाई आल्या होत्या. बारीक चष्मा, हातात वही, चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. आबासाहेबांनी त्यांना सकाळपासून एका खुर्चीतून उठवून दुसरीकडं जेवायला, तिथून तिसरीकडं सरबताला असं फिरवत ठेवलं होतं.

त्या दिवशी मुक्तानं चौदा स्क्रू स्वतःच्या हातानं बसवले. म्हणाली, "मामा, राग मानू नको. आज माझ्या धनुष्याला हात लावू नको."

"न्हाई लावनार," केरबा म्हणाला, आणि त्यानं लावला नाही. दोन्ही हात काखेत घालून उभा राहिला.

दुपार कलली. संघात एकच जागा उरली आणि तिच्यासाठी दोघीच उरल्या. मुक्ता आणि शाल्मली. शेवटचे तीन तीन बाण. शाल्मली एका गुणानं पुढं. तिनं आपले तीन आधी मारले. सर दुर्बिणीला डोळा लावून बसले होते. मुक्तानं श्वास रोखला, दोरी ओढली, सोडली. एकही स्क्रू हलला नाही.

"मधला पिवळा," सर पुटपुटले.

दुसरा बाण गेला. "मधला पिवळा."

तिसरा गेला. सरांच्या डोळ्यांना पाणी आलं आणि दुर्बिणीतून दिसेनासं झालं. "केरबा," ते म्हणाले, "बघ रे, बघ तुझ्या भाचीचे बाण!"

केरबानं दुर्बिणीला डोळा लावला. तीन बाण गवताच्या जाड फळीत पार घुसून बसले होते. अडकले होते.

पंचांनी खरं तर लगेच चालत जाऊन गुण लिहून घ्यायचे. पण आबासाहेबांनी हाक मारली, "पंच मंडळी, एक फोटो घेऊ या!" पंच फिरले, रांगेत उभे राहिले. एकानं डोळे मिटले म्हणून फोटो पुन्हा काढला. त्यात आबासाहेब मध्ये आले नाहीत म्हणून तिसऱ्यांदा काढला.

तेवढ्यात केरबा पन्नास मीटर पळत गेला होता. त्यानं विचारलं नाही, वाट बघितली नाही, कुणासाठी थांबला नाही. दोघींच्या फळ्यांवरचे सगळे बाण ओढून काढले. भेदभाव त्याच्या स्वभावात नव्हता. सदऱ्यानं पुसले, मोळी बांधली आणि घामाघूम होऊन परत आला. पंच फळ्यांपाशी पोचले तेव्हा तिथं बाण नव्हते.

"मुक्ते," केरबा धापा टाकत म्हणाला, "सोडवलं बघ समदं!"

मुक्तानं बाणांकडं पाहिलं. मग मामाकडं पाहिलं.

मुख्य पंच गावातलेच, आबासाहेबांच्या ऊठबशीतले. ते म्हणाले, "बाण नाहीत म्हणजे गुण नाहीत. शेवटची फेरी बाद. आधीची एका गुणाची आघाडी धरली जाईल." घाडगे सर भांडले. त्यांना सांगण्यात आलं की लेखी अर्ज द्या, समिती बसेल.

मुक्ता गवतावर बसली आणि धनुष्याचे स्क्रू एक एक करून काढायला लागली. "ऱ्हाऊ दे, मामा," म्हणाली. "उद्यापासनं गिरणी." ती रडत होती आणि ते लपवायचा प्रयत्नही करत नव्हती. केरबाला काय चुकलं ते कळलं नाही. आजवर एवढ्या चुका झाल्या, पण मुक्ता कधी रडली नव्हती.

व्यासपीठावरून घोषणा झाली. तांत्रिक कारणास्तव शेवटची फेरी रद्द करण्यात आली असून कुमारी शाल्मली हिची निवड झाली आहे. तांत्रिक कारण म्हटलं की लोक पुढं विचारत नाहीत. परब बाईंना नुकतंच तिसऱ्या सरबतावरून परत आणलं होतं. त्यांनी वहीत तांत्रिक कारण असं लिहिलं आणि पुढं प्रश्नचिन्ह काढलं.

आबासाहेब भलतेच खुशीत होते. रेघ आणि कडी त्यांनी त्या क्षणी माफ करून टाकली. "साहित्याची इतक्या तत्परतेनं आवराआवर करणारा आपला कर्मचारी केरबा ढोबळे याचा मी शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करतो!" केरबाला वर बोलावलं. शाल पांघरली. केरबाला आयुष्यात कुणी शाबास म्हटलं नव्हतं. तो गोंधळून उभा राहिला. आबासाहेबांनी स्वतःच्या हातानं त्याच्यापुढं माइक धरला आणि नारळ दुसऱ्या हातात तयार ठेवला.

"केरबा, लाजू नको. काय काम केलंस ते सगळ्यांना जसंच्या तसं सांग."

केरबानं 'जसंच्या तसं' एवढं पाठ केलं. मग सांगितलं.

"म्या बाण काढलं. साहेबांच्या भाचीचं दोन हुतं. कडंकडंला हुतं, हात लावला आन निघालं. तिसरा भुईवरच पडला हुता. आमच्या मुक्तीचं तिनी मधल्या पिवळ्यात. एकाला एक खेटून. त्येनी लई घाम काढला."

आबासाहेबांनी माइक मागं घेतला, पण परब बाईंचा आवाज माइकशिवायही चांगला खणखणीत होता.

"गुण लिहिण्याआधी काढलेत?"

"व्हय बाई. पंच फोटू काढत हुतं."

परब बाईंनी वही मिटली आणि सरळ फळ्यांकडं चालायला लागल्या. त्यांच्यामागं मुख्य पंच, त्यांच्यामागं आबासाहेब, त्यांच्यामागं सगळा गाव. घाडगे सर सगळ्यांना ढकलत पुढं घुसले. गुण लिहून झाले की जुन्या भोकांना पेन्सिलीनं खूण करायची, असा नियम असतो. तो चिंचसोंडच्या पंचांनी कसा कोण जाणे पाळलेला होता. परब बाईंनी चष्मा वर केला आणि मुक्ताच्या फळीवर नाक टेकवलं. सगळ्या भोकांना खुणा होत्या. फक्त तीन भोकं कोरी होती. तिन्ही मधल्या पिवळ्यात होती.

"बाण नसला तरी भोक धरता येतं," बाई म्हणाल्या. "तीस गुण. निवड मुक्ताची."

शाल्मलीनंच आधी टाळी वाजवली. घाडगे सरांनी कपाळाकडं नेलेला हात तसाच वर करून टोपी उडवली. आबासाहेब नारळ हातात धरून उभे होते, तो कुणाला द्यायचा हे त्यांना कळत नव्हतं. मुक्ता पळत आली आणि तिनं मामाला मिठीच मारली. आता ती हसत होती आणि रडतही होती.

केरबा मात्र ओशाळून उभा राहिला.

"मला माफ कर, मुक्ते," तो हळूच म्हणाला. "ती तीन भोकं माझ्याकडनंच ऱ्हायली बघ. तुझी फळी चांगली दिसावी म्हनून बुजवाय चिखल बी कालवून ठिवला हुता. पर तेवढ्यात हे पंच आलं."